गेट निघालं का?

माझ्या गेटच्या तयारीच्या अकरा वह्या आईने मागच्या महिन्यात रद्दीत घातल्या. त्यातलं एक सूत्र आज मला आठवत असेल तर शप्पथ! पण किस्से? ते काही केल्या डोक्यातून जात नाहीत. माणसं तीन वर्षं एका खोलीत कोंडा, वर त्यांना बोलायची बंदी करा, की किस्से साठतात. आमच्या दिवा गावात घराघरात पाण्याचे कॅन साठतात ना, तसेच. ठेवायला जागा नसते, तरी साठतात.

खोली म्हणजे विहाराच्या वरच्या मजल्यावरची आमची अभ्यासिका. मी प्रज्ञा, मेकॅनिकल. सागर, तोही मेकॅनिकल. मेल्विन सिव्हिल, वसईकडच्या केळीबागायतदारांचा मुलगा, भाडं परवडतं म्हणून दिव्यात राहणारा. आणि आमच्यावर लक्ष ठेवायला गुरुजी. रिटायर्ड शाळामास्तर, वय एकाहत्तर, भाषा एकदम छापील.

आम्ही तिघं गेट देत होतो. इंजिनिअरिंगनंतर चांगल्या ठिकाणी एमटेकला जायचं तर ही परीक्षा द्यावी लागते. आमच्यात कोणी 'पास झालो' म्हणत नाही. म्हणतात, "गेट निघालं." आमच्या बाबतीत दोन वर्षं, "नाही निघालं."

*

आता ह्या नावाचा लोचा बघा. दिव्यात 'गेट' म्हटलं की एक तर रेल्वेचं फाटक, नाहीतर वॉचमनची ड्युटी. तिसरं काही लोकांच्या डोक्यात येतच नाही. त्यात सागरचे बाबा, अशोककाका, खरोखरचे वॉचमन! घोडबंदर रोडला एका टॉवरच्या मेन गेटवर बारा वर्षं.

सागरच्या शेजारच्या मावशींनी एकदा त्याच्या आईला विचारलं, "सागर दिसत नाही गं हल्ली. काय करतो?"

"गेटची तयारी करतोय."

मावशी जवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्याला पण तयारी लागते?"

"लागते म्हणजे काय! लय कठीण असतं. लाखो पोरं बसतात, थोडीच निघतात."

मावशींना भयंकर दया आली. "काय दिवस आलेत बाई! आधी नुसती शिट्टी वाजवता आली तरी घ्यायचे."

*

सागरचं पहिल्या वर्षी निघालं नाही. दुसऱ्या वर्षी थोडक्यात गेलं. तिसऱ्या वर्षी काकांनी त्याला समोर बसवलं आणि सांगितलं, "हे शेवटचं. ह्या वेळी नाही निघालं तर माझ्या एजन्सीत लागायचं. साहेबांशी बोललोय मी."

काका धमकी देणाऱ्यातले नाहीत. त्यांचे गुडघे गेलेले. बारा तास उभं राहायचं आणि घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसायचं, हे सागर रोज बघत होता. त्यामुळे तो नुसता 'हो' म्हणाला. दुसरं काय बोलणार?

पण काका पक्के हिशोबी माणूस. पुढच्याच आठवड्यात पिशवी घेऊन अभ्यासिकेत हजर! पिशवीत काय? कोराकरकरीत युनिफॉर्म. निळा शर्ट, काळी पँट आणि दोरीला बांधलेली शिट्टी.

"मापाचा मिळत होता," काका म्हणाले, "म्हटलं घेऊन ठेवू."

 गुरुजींनी शांतपणे तो शर्ट सागरच्या टेबलासमोरच्या खुंटीला टांगला. शेजारी मेल्विनच्या टेबलावर त्याने रंगीत पेनाने लिहिलेला कागद होता, 'यश तुझी वाट बघतंय!' गुरुजींनी एकदा कागद बघितला, एकदा शर्ट.

"मेल्विन, तुझं यश अद्याप वाट बघत आहे. सागरचं अपयश इस्त्री होऊन आलं!"

*

शिट्टी गुरुजींनी स्वतःकडे ठेवली. अभ्यासात कोणी पेंगलं की पींऽऽ! मेल्विन तर दोनदा खुर्चीवरून पडला.

एका दुपारी गुरुजींचाच डोळा लागला. शिट्टी तोंडात. श्वास सोडला की पीं. थोडं थांबून परत पीं. उठवायची कोणाची टाप होती? आम्ही तोंडावर रुमाल दाबून बसलेलो.

तेवढ्यात खाली धडाम्! खिडकीतून बघितलं तर रिक्षा विहाराच्या पायरीला टेकलेली. रिक्षावाला वर बघून ओरडत होता, "अरे, शिट्टी कोण मारतोय? मागे ये, मागे ये करतोय कधीचा!"

*

मेल्विनचा अभ्यास म्हणजे मोटिव्हेशनचे व्हिडिओ. पहाटे उठा, घाम गाळा, जग तुमचं आहे, वगैरे.

"किती बघितलेस रे?"

"चार. पाचवा बघितला की बसतोच."

शेवटी त्यानेच हात टेकले आणि फोन गुरुजींच्या ताब्यात दिला. म्हणाला, "गुरुजी, मी पाया पडलो तरी सहा वाजेपर्यंत देऊ नका." गुरुजींनी शब्द पाळला. पण वेळ जाईना, म्हणून ते स्वतःच व्हिडिओ बघायला लागले!

पहिल्या आठवड्यात ते पहाटे उठायला लागले. दुसऱ्या आठवड्यात दुपारची झोप बंद. तिसऱ्या आठवड्यात आमच्याच बाकावर येऊन, वही उघडून बसले. आम्हाला वाटलं, आमच्यावर नजर ठेवायला आलेत.

दोन-तीन महिन्यांनी गुरुजी पेढे घेऊन आले. पाली भाषेच्या एमएची प्रवेश परीक्षा दिलेली. निघाली! पहिल्या फटक्यात!

एकेकाच्या हातावर पेढा ठेवत ते म्हणाले, "तुम्हीही प्रयत्न सोडू नका हं."



*

एकदा टँकर आला. खालच्या टाकीत पाणी भरलं, पण पंप काही ते वर चढवेना. मोटर नुसती घूं घूं करतेय. गुरुजी म्हणाले, "तुम्ही तिघंही अभियंते ना?"

झालं! आम्ही पंपाभोवती उभे. सागर म्हणाला, सक्शनचा प्रॉब्लेम आहे. मी वहीत पाण्याची उंची आणि प्रेशर मांडलं. मेल्विन म्हणाला, पाइपलाइन सिव्हिलची आहे, ती बरोबरच असणार, चूक मेकॅनिकलची. त्यावरून भांडण. अर्धा तास गेला. गणित सुटलं, पाणी हललं नाही.

सागरच्या शेजारच्या त्या मावशी कळशी घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांनी कळशी खाली ठेवली, पदर खोचला, पंपाच्या डोक्यावरचा नट फिरवून काढला, आत तांब्याभर पाणी ओतलं, नट लावला आणि बटण दाबलं. भस्सकन पाणी वर!

"हवा धरली होती," मावशी म्हणाल्या.

सागर खिशात हात घालून म्हणाला, "मावशी, ह्याला प्रायमिंग म्हणतात."

"हां. तुम्ही म्हणत बसा."

*

काकांचा डबा घरी राहिला म्हणून सागर आणि मी एकदा घोडबंदरला गेलेलो. आम्ही मेन गेटमधून आत घुसतोय तर काकांनी गेटचा आडवा दांडा खाली घेतला.

"बाजूच्या छोट्या गेटने. हे रहिवाशांसाठी आहे."

छोट्या गेटने आलो. काका परत समोर! हातात रजिस्टर.

"नाव लिहा. कोणाकडे आलात, कामाचं स्वरूप. ओळखपत्र?"

"बाबा, मी सागर!"

"ते मला माहितीय रे. कॅमेऱ्याला माहिती नाही."

सागरने लिहिलं. नाव, सागर. कोणाकडे, बाबांकडे. कामाचं स्वरूप, डबा. काकांनी वाचलं आणि म्हणाले, "कसला डबा? सविस्तर लिही."

सागरने दात-ओठ खात लिहिलं, 'मेथी, तीन भाकऱ्या.'

*

परीक्षा महिन्यावर आली, तेव्हा सागरला सराव परीक्षेत उणे दोन मार्क पडले. शून्य नाही, उणे दोन! चुकीच्या उत्तराला मार्क कापतात, ते कापून कापून तो जमिनीखाली गेलेला.

मेल्विन म्हणाला, "अरे, पेपरला बसलाच नसतास तर दोन मार्कांनी पुढे असतास!"

एरवी ह्यावर सगळ्यात आधी सागर हसला असता. नाही हसला. तो उठला, खुंटीवरचा शर्ट काढला, अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि जिना उतरला. मी खरंच घाबरले. वाटलं, हा चालला एजन्सीत.

खाली गल्लीत मांडववाल्यांचा टेम्पो आडवा अडकलेला. पुढे दोन रिक्षा, मागे पाण्याचा टँकर, आणि सगळे एकमेकांची आई-बहीण काढतायत. सागर मधोमध जाऊन उभा राहिला. एक हात वर. "तू थांब. तू मागे. मागे, अजून मागे, बस्स! चल, टेम्पो काढ." पाच मिनिटांत गल्ली मोकळी! टँकरवाला जाता जाता त्याला सलाम ठोकून गेला.

सागर वर आला. शर्ट काढून परत खुंटीला लावला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला जमतं गं हे. तोच तर प्रॉब्लेम आहे."

मला इतकं रडू आलं ना! पण आमच्यात रडायची पद्धत नाही. मी म्हटलं, "नाटकं बंद कर. तो उणे दोनचा पेपर काढ, पहिल्या प्रश्नापासून बघू."

पेपर सगळा सोडवून झाला तेव्हा गुरुजी तीन वेळा कुलूप घेऊन येऊन परत गेलेले.

*

मार्चमध्ये रिझल्ट लागला. मेल्विनचं नाही निघालं. "मोटिव्हेशनचा पाचवा व्हिडिओ राहिला ना," म्हणाला. माझं दोन मार्कांनी गेलं. त्यात काही किस्सा नाही, त्यामुळे सांगत नाही.

सागरने स्क्रीन बघितली आणि फोन माझ्या हातात दिला. "तू बघ. मला नीट दिसत नाहीये." मी तीनदा बघितलं. गुरुजींनी चष्मा पुसून बघितलं. मग त्यांनी भर अभ्यासिकेत अशी काही शिट्टी मारली की खालच्या दोन रिक्षा जागच्या जागी थांबल्या.

काका ड्युटीवर. ड्युटीवर असताना ते फोन घेत नाहीत. मग आम्ही दोघं निघालो घोडबंदरला. नेहमीप्रमाणे ट्रॅफिक तुंबलेलं. शेवटचा टप्पा उतरून अक्षरशः पळत गेलो.

काकांनी आम्हाला लांबूनच बघितलं. आज रिझल्ट आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण विचारायची हिंमत होईना. आणि सागरला पळून पळून धाप लागलेली.  शेवटी काकांनी सवयीने रजिस्टर पुढे केलं.

"एंट्री."

सागरने लिहिलं. नाव, सागर. कोणाकडे, बाबांकडे. कामाचं स्वरूप, गेट निघालं.

काकांनी खिशातून चष्मा काढला. वाचलं. बोट ठेवून परत वाचलं. मग रजिस्टर मिटून काखेत धरलं, मेन गेटचा दांडा सरळ वर केला आणि रस्त्यात उतरले. एक हात इकडे, एक हात तिकडे, लांबलचक शिट्टी! आतल्या गाड्या आत, बाहेरच्या बाहेर.

"ये," ते सागरला म्हणाले. "इथून ये. मोठ्यातून."

सागर मधोमध चालत आत आला. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. पहिल्याच गाडीत सोसायटीचे सेक्रेटरी. काच खाली करून ओरडले, "अशोक! काय चाललंय हे? काय झालं?"

"साहेब," काका तोंडातली शिट्टी काढून म्हणाले, "गेट निघालं!"

"अरे, मग माझ्याकडे काय बघतोस? वेल्डरला फोन लाव!"

काकांनी बाहीने डोळे पुसले.

"नको साहेब. तीन वर्षं लागली काढायला."