डावा समास

छापखान्यातले लोक त्या दोघींना रेडिओ आणि लाल शाई म्हणत. रेडिओ हस्तलिखित मोठ्याने वाचायची. लाल शाई समोरच्या कच्च्या छापावर बोट ठेवून शब्द ताडून बघायची. फरक आढळला की तिने "थांब" म्हणायचं, खूण करायची, की पुढे. बावीस वर्षं हेच, बिनखिडकीच्या एका खोलीत, एका दिव्याखाली. विरामचिन्हंही वाचावी लागत. ती सवय इतकी अंगात मुरली होती की दुपारी रेडिओ विचारायची, "चहा घेतेस का प्रश्नचिन्ह," आणि लाल शाई मान वर न करता म्हणायची, "अर्धाच पूर्णविराम."

छापखाना चालायचा कादंबऱ्यांवर आणि कादंबऱ्या आजारपणावर. "चाळिसाव्या पानावर खोकला, सत्तराव्यावर रुमालाला डाग, दीडशेनंतर जुनं पत्र सापडतं," रेडिओ म्हणायची. "आपण दोघींनी मिळून किती नायिका पोचवल्या गं?" लाल शाई मात्र दर वेळी रडायची आणि दिव्याला दोष द्यायची. ती भावाच्या घरी राहायची. तिथे सगळे तिच्या आजूबाजूने बोलत, तिच्याशी नाही. दिवसभरात तिच्यासाठी उमटणारा आवाज एकच होता.

म्हणून त्या आवाजातली गळती तिलाच आधी कळली. छापात शब्द होता, रेडिओने तो वाचला नाही. लाल शाईने "थांब" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. दमली असेल. दुसऱ्या दिवशी तीन शब्द गेले. महिन्याभरात पानाला दहा-बारा जाऊ लागले. लाल शाई प्रत्येक वेळी छापातला शब्द बरोबरच आहे असं धरून चालू लागली. अशा कादंबऱ्यांत पुढे काय येणार हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. मालकाच्या कानावर गेलं तर रेडिओला घरी बसवतील, समोरच्या खुर्चीवर नवा गळा येईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

रेडिओचा खांदा हल्ली दाराच्या चौकटीला आपटायचा. डब्यातली भाजी अर्धी उरायची, सुरीने कापावी तशी सरळ अर्धी. "भूक मेलीय," ती म्हणायची.

मग एक लेखक छापील पुस्तक घेऊन मालकापुढे उभा राहिला. "माझी दोन वर्षं कुठे गेली?" त्याने विचारलं. हस्तलिखितात 'दोन वर्षांनी' असं होतं. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने ते गाळलं होतं, आणि त्या दोघींपैकी कुणालाच ते सापडलं नव्हतं. नायिका संध्याकाळी खोकली आणि त्याच रात्री गेली.

"एवढा जालीम खोकला मी बघितला नाही," मालक खोलीत येऊन म्हणाले. "बाई, तुमचं लक्ष कुठे होतं?"

"माझीच चूक," लाल शाई म्हणाली.

"माझी असेल," रेडिओ म्हणाली. "मी वाचलं होतं का ते?"

मालक गेले.

त्या दुपारी रेडिओ चहाला गेल्यावर लाल शाईने हस्तलिखित पुढ्यात ओढलं. सकाळच्या वाचनात गळालेला प्रत्येक शब्द तिच्या लक्षात होता. हस्तलिखिताला लाल शाई लावायची नाही, हा तिथला पहिला नियम. तिने तो मोडला. एकेका शब्दाभोवती गोल काढत गेली. पान संपल्यावर तिने ते हातभर लांब धरलं. सगळे गोल ओळींच्या सुरुवातीला होते. डाव्या समासालगत वरपासून खालपर्यंत लाल माळ लागली होती. उजवीकडे एकही नाही.

तीन महिने. तीन महिने ती ही माळ झाकत बसली होती.

रेडिओ आली. चौकटीला खांदा लागला. लाल शाईने पान तिच्या हातात दिलं.

"हे बघ."

रेडिओने बराच वेळ बघितलं. "काय बघू? स्वच्छ आहे की."

"नीट बघ गं."

"अगं बाई, बघतेय. एक खूण नाही याच्यावर."

लाल शाईने दिवा जवळ ओढला. मग तिच्या हातातलं पान उलटं फिरवलं, वरची कड खाली. डावा समास उजवीकडे आला.

रेडिओ पानावर वाकली. बोटाने ती गोल मोजत गेली, शेवटच्या गोलापाशी बोट तसंच राहिलं.

"हे आत्ता काढलेस?"

"नाही. आधीपासून होते. सकाळी तू वाचताना गाळलेले शब्द आहेत हे."

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन महिने."

"आणि तू थांब म्हणाली नाहीस." आवाजात राग नव्हता, तेच लाल शाईला सोसेना.

"मला वाटलं, तुला घरी बसवतील."

रेडिओने पान टेबलावर ठेवलं, पुन्हा सुलटं केलं. तिच्यापुरते गोल नाहीसे झाले असावेत, कारण तिने डोळे मिटले.

"मोठ्या इस्पितळात डॉक्टर पाचपर्यंत असतात," लाल शाई म्हणाली. "ऊठ."

तिने रेडिओची पिशवी घेतली आणि तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. दारातून जाताना या वेळी चौकट लाल शाईच्या खांद्याला लागली.

"तू आहेस ना इकडे," रेडिओने विचारलं. "मला काय झालंय गं."

चहा विचारतानाही प्रश्नचिन्ह म्हणणाऱ्या रेडिओने या प्रश्नापुढे ते म्हटलं नाही.