उभं राहायचा नेम

जेवणं आटोपून वासंतीताई जरा आडव्या झाल्यात. आज हिरोशिमा दिन. दरवर्षी या दिवशी, संध्याकाळी, 'अणुबॉम्ब नको' असा फलक धरून सांगलीच्या चौकात तासभर न बोलता उभं राहायचं, हा अण्णा शेट्यांनी घालून दिलेला नेम. अण्णा माघात गेले, बाकीचे त्याआधीच. उरल्या एकट्या ताई, आणि त्यांचे गुडघे तर उभं राहिल्याबरोबर बोंब मारतात. आज जायचं नाही असं त्यांनी सकाळीच ठरवलंय, आणि तेव्हापासून घास गोड लागलेला नाही.

डोळा लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरातून मैद्याच्या खळीचा वास येतो. ओट्याशी अण्णा उभे आहेत. फलकावर कागद चिकटवायला खळ शिजवतायत, नेहमीसारखी गुठळ्यांची.

"कड धर गं कागदाची."

ताई धरतात. ओटा संपतो तिथं चौक सुरू होतो. मिसळणाच्या डब्याला वळसा घालून रिक्षा जातात. एक जण पेढे वाटत येतो, पोखरणच्या वेळी वाटले होते तसेच. तेव्हा 'देशद्रोही' म्हणवून घेत अण्णांनी पेढा नाकारला होता, आणि गोड म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

"अण्णा, बॉम्ब आहेत तिथंच आहेत. जन्मभर उभं राहून काय मिळवलं आपण?"

"लोक थांबून विचारायचे ना, का उभे आहात म्हणून? विचारायला कुणीतरी दिसावं लागतं, बाई."

"पण मला नाही हो उभं राहवत आता." ताईंना रडूच फुटतं.

"मग बस की!"

"आणि नेम?"

"कसला डोंबलाचा नेम! पहिल्या वर्षी चौकातली बाकं नुकती रंगवलेली. धोतर खराब होईल म्हणून उभा राहिलो. तुम्ही सगळे येऊन शेजारी उभे! मग बसायची लाज वाटली."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. पाय माझेही दुखायचे गं."

ताई रडता रडता हसत सुटतात. छातीवरचा धोंडा उतरतो, आणि त्या हसण्यानंच त्यांना जाग येते. ऊन अजून खिडकीत आहे.

"अनुजा, माळ्यावरची घडीची खुर्ची काढ गं."

सून दाराशी येते. "कशाला, आई? आज जाणार नव्हता ना?"

"जाणार. बसणार चौकात."

अनुजा जवळ येऊन त्यांचा हात धरते. "अंगठ्याला काय लागलंय हे?"

खळ आहे. अजून ओली, आणि गुठळीची. अण्णा गेल्यापासून या घरात खळ शिजलेली नाही.

"राहू दे," ताई म्हणतात. "तू खुर्ची काढ."