पडद्यावरचा पांढरा डाग

राजारामपुरीत सोनोग्राफीचं पहिलं मशीन आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी आणलं. आवाज मात्र त्यांचा जुनाच, खणखणीत. कुणाच्या लिव्हरमध्ये पांढरा डाग दिसला की बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जायचं, "कॅन्सर हाय! घरी न्या आता!"

मी पॅथॉलॉजिस्ट. मी सांगायचो, "कॅन्सरच्या गाठीच्या पेशींत चरबी भरली की पडद्यावर पांढरं दिसतं. पण कॅन्सर नसलेली साधी चरबीही तशीच दिसते. आधी गाठीचा तुकडा काढून भिंगाखाली बघू."

"तुमी बसा काचा पुसत!" ते हसायचे.

एकदा पाहुण्यांना मशीन दाखवायच्या हौसेनं त्यांनी ते स्वतःच्याच पोटावर फिरवलं आणि घाईघाईनं पडदा बंद केला. तासाभरात माझ्या लॅबमध्ये आले, दार लावलं आणि प्रथमच हळू बोलले, "साधी चरबी बी पांढरीच दिसती की. तुमीच म्हणता, न्हाय का?"