जाता जाता बघायची मुलगी

आमच्या स्टेशनावर उतरणाऱ्या माणसाला आमच्या गावात यायचंच नसे. त्याला जायचं असे साखर कारखान्यावर, आणि कारखाना उसाच्या मळ्यांपलीकडे बराच आत होता. मनमाडकडून आलेल्या गाडीतून उतरायचं, रूळ ओलांडून मागच्या बाजूला जायचं आणि तिथे उभ्या असलेल्या कारखान्याच्या ट्राममध्ये चढायचं. ट्राम कसली, अरुंद रुळांवर धापा टाकणारं एक इंजिन, मागे साखरेच्या पोत्यांचे डबे आणि शेवटी माणसांसाठी बाकं टाकलेला एक डबा. मुंबई पाहिलेली माणसं हसत. कारखान्याचा गोरा साहेब तिला ट्राम म्हणे, म्हणून आम्हीही म्हणत होतो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथले स्टेशनमास्तर. ट्राम कारखान्याची असली तरी तिचे रूळ आमच्या मालधक्क्याच्या साइडिंगला छेदून जात, त्यामुळे अण्णांनी हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय तिला हलता येत नसे. गाडी गेली की अर्ध्या तासानं ट्राम सुटायची म्हणजे सुटायचीच. एकदा माझे सख्खे मामा आमच्याकडे चहा पीत बसले आणि तेवढ्यात ट्राम गेली. मामा ट्रंक खांद्यावर घेऊन भर उन्हात गाडीवाटेनं चालत गेले. अण्णा म्हणाले, "नियम मेव्हण्याला वेगळा नसतो." मला तेव्हा हे फार थोर वाटलं होतं.

आक्का, माझी थोरली बहीण, लग्नाची झाली होती. कारखान्याच्या वसाहतीत कारकून, केमिस्ट, शाळामास्तर अशी आमच्यासारखीच घरं पुष्कळ, आणि घरोघरी उपवर मुली. त्या मुली बघायला येणारा वरपक्ष ट्रामची वाट बघत आमच्याच फलाटावर बसायचा. अण्णांना त्यातून युक्ती सुचली. ते हात जोडून पुढे व्हायचे आणि म्हणायचे, "अर्धा तास आहे. आमचीही कन्या आहे, जाता जाता बघून घ्या." स्टेशनावर पेरू घ्यावेत तशी आमची आक्का. आई शरमेनं अर्धी व्हायची, पण गाडीच्या वेळेला पोहे भिजवून ठेवायची.

मंडळी जाताना गोड बोलायची आणि संध्याकाळी परतताना आमच्या दाराकडे पाठ करून बसायची. आक्का उंच होती, हे कारण. एक वरमाई आईला म्हणाली, "मुलगी छान आहे हो, पण जरा जास्तच आहे." आक्का त्यावर घरात पोट धरधरून हसली. त्या रात्री जेवली मात्र नाही.

लढाईचे दिवस होते. उन्हाळ्यात एक मंडळी उतरली: पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर असलेला मुलगा आणि त्याचे आईवडील. आमच्या क्वार्टरच्या दारातून आत येताना त्या मुलाला मान वाकवावी लागली. आक्कानं ते पाहिलं, आणि मी आक्काचा चेहरा पाहिला. इतकी खुललेली मी तिला कधी पाहिली नव्हती. त्यानं तिला विचारलं, "वाचायला काय आवडतं?" आणि तिचं उत्तर खरोखर ऐकून घेतलं. नाहीतर विचारणारे उत्तराच्या वेळी पोह्यांत लिंबू पिळत असत.

त्याच्या आईनं तर आमच्या आईचा हात धरला. म्हणाली, "आम्हाला मनापासून आवडली मुलगी. तिकडे येतो म्हणून कळवलंय, एवढंच. ट्राम चुकली तर चुकली, बरंच होईल. इथेच बसून संध्याकाळपर्यंत बोलून टाकू."

याहून उघड कोण बोलणार? पलीकडे ट्रामची शिटी झाली. ड्रायव्हर कुंपणाशी येऊन म्हणाला, "मास्तर, टाइम झाला. लई येळ थांबलो तर कारखान्यात बोलनी बसत्यात मला. सोडू का?"

आई दाराआडून अण्णांकडे बघत होती. तिनं हातानं खूण केली, जाऊ द्या. नुसता झेंडा दाखवायचा होता. वेळ झालेली होती, नियमही आमच्या बाजूनं होता. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. अण्णा म्हणाले, "थांब जरा. पाहुणे येतायत." आणि मुलाच्या वडिलांकडे वळून, "सावकाश चहा घ्या. तुमच्याशिवाय ट्राम जायची नाही."

एवढं म्हटल्यावर ते लोक तरी कसे थांबणार? उठले. ट्राममध्ये चढताना अण्णांनी वरमाईची पिशवी स्वतः वर दिली.

सगळी दुपार आक्का तीच साडी नेसून बसली होती. संध्याकाळी ट्राम आली तेव्हा मुलाच्या वडिलांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. कारखान्याच्या अकाउंटंटची मुलगी त्यांनी पसंत केली होती. तिकडे जेवण झालं, घर पाहिलं, सुपारीसुद्धा फुटली. मुलगा फलाटाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. वडील मात्र सरळ अण्णांकडे आले. भला माणूस होता तो, त्याच्या मनात खोट नव्हती, म्हणून तर मला आजही सहन होत नाही.

"मास्तर, तुमचे उपकार झाले," ते म्हणाले. "तुम्ही ट्राम थांबवलीत म्हणून योग आला. नाहीतर आम्ही इथेच बसणार होतो."

अण्णांनी हात जोडले आणि पेढा घेतला.

पुढे मिलिटरी स्पेशल आडवी आली आणि त्यांची गाडी रखडली. पाहुण्यांना कोरडं कसं बसवायचं, म्हणून अण्णांनी घरात चहा सांगितला. आई जागची हलली नाही. शेवटी आक्कानंच चूल पेटवली, चहा केला आणि बाहेर नेऊन दिला. मुलानं कप घेताना मान वर केली नाही.

गाडी गेल्यावर अण्णा आत आले आणि टोपी खुंटीला लावली. आई म्हणाली, "माझ्या भावाला उन्हात चालायला लावलंत. आज घटकाभर मास्तर राहिला असतात तर काय बिघडलं असतं?"

अण्णांना खरंच प्रश्न कळला नाही. त्यांनी तिच्याकडे नवलानं पाहिलं.

"अगं, ते वरपक्षाचे होते," ते म्हणाले.

आक्का मोरीवर कपबशा विसळत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. पुढच्या वर्षी तिला बिजवराला दिली. त्यांच्याकडे बोलणी झाली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला विचारू नका, अण्णांना विचारा." कोणीही तिला विचारणार नव्हतंच.