दोन गोवर

माझ्या धाकट्या बहिणीनं मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मला येत नव्हतं, तरी मी ते दिलं. तिच्याबद्दल, सुजाताबद्दल लिहिताना हे लपवलं तर बाकीचं सगळंच खोटं ठरेल.

सुजाता अकोट डेपोत कंडक्टर. भरल्या गाडीत तिचा आवाज ड्रायव्हरच्या हॉर्नवर चढायचा. "पुढं सरका ना काका, तिथं काय अंडे उबवून राहिले?" लोक हसत आणि सरकत. तिचा नेहमीचा शब्द 'काहून', म्हणजे 'का'. ड्यूटी बदलली की डेपोच्या साहेबाला, लग्न ठरताना सासरच्यांना, सगळ्यांना तिचं एकच, "काहून?" फक्त मला ती तसं विचारत नसे. वडील लवकर गेले, मी अमरावतीच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर. घरातला शेवटचा शब्द माझा.

लग्नानंतर एका दुपारी तिचा फोन आला. "जयभीम दादा. डाक्टरीनबाई म्हणते, पोट राह्याच्या आधी रुबेलाची सुई घे, मंग महिनाभर थांब. काय करू?"

"रुबेला म्हणजे जर्मन गोवर. तुले लहानपणी गोवर येऊन गेला ना व? एकदा आला का पुन्हा येत नाही."

"बाई म्हणते, तो गोवर अलग अन् हा अलग. रक्त तपासलं तं समजते म्हणे."

"बाईले काय, सुया टोचाच्याच आहेत."

ती हसली. "बरं. तू म्हणतं तं राहू दे."

नावात गोवर होता, तेवढ्यावर मी निकाल दिला. पुस्तक उघडून पाहायलाही उठलो नाही.

तिला दिवस राहिले. तिसऱ्या महिन्यात तिच्या अंगावर बारीक पुरळ उठलं, कानामागं गाठी आल्या. दोन-चार दिवसांत सगळं गेलं. "घामोळ्या उठल्या," म्हणत ती ड्यूटीवर गेली.

मुलगा झाला. बुबुळांत पांढरट ढग, हृदयाला छिद्र. कानाशी थाळी वाजवली तरी दचकत नसे. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दिवस राहण्याआधी रुबेलाची लस घेतली नव्हती? कुणी सांगितलं नाही?" मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. सुजातानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "सांगतलं होतं साहेब. मीच घेतली नाही."

डॉक्टर समजावत राहिले: गोवर येऊन गेला तरी रुबेलापासून संरक्षण मिळत नाही, दोन्हींचे विषाणू वेगळे, गरोदरपणी ही लस देत नाहीत, म्हणून ती आधीच घ्यायची. वर्गातल्यासारखी मी मान हलवत होतो.

बाळ पाच महिन्यांचं होऊन गेलं. अकोटच्या घरात तिची सासू येईल त्या बाईला सांगू लागली, "पोटुशी असून गाडीत हिंडली. दुनियेची बिमारी घरात आणली." सुजाता उत्तर देत नसे. गाडीतही तिचा आवाज बसला. तिकीट फाडून नुसता हात पुढं करी. हे मला तिच्या नवऱ्यानं सांगितलं. तरी मी सणावारी जात राहिलो, चहा पीत राहिलो, गप्प राहिलो.

मग एकदा माझ्यादेखतच सासू म्हणाली, "आता नवकरी सोड, तवाच दुसऱ्या लेकराचं पाहू." सुजातानं ट्रेमधले कप उचलले आणि हळूच म्हणाली, "सोडतो, माय." ज्या पोरीनं त्या नोकरीसाठी सगळ्या नातलगांशी भांडण घेतलं होतं, ती.

मी उठलो. "माय, तिनं गाडीतून काही आणलं नाही. ती लस घेणार होती. मी नाही म्हटलं."

सुजाता म्हणाली, "राहू दे ना दादा. आता काय त्याचं."

"नाही सुजा. डाक्टरीनबाई खरं सांगत होती. मले माईत नव्हतं अन् मी माईत असल्यासारखं बोललो. त्या दिवशी दवाखान्यात तू मायं नाव घेतलं नाही, अन् मी बी तोंड उघडलं नाही. तुया लेकराचा गुन्हेगार मी आहो. मले माफ कर."