कॉपीकाका आणि ऐकू न येणारे बाण

कॉपीकाका गुणगुणल्याशिवाय एक स्वरही कागदावर उतरवत नसत. आधी गळ्यात, मग टाकात. आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, त्यामुळे सिनेमातली कित्येक गाणी पनवेलमध्ये सगळ्यांत आधी मी ऐकली, तीही फक्त तिसऱ्या व्हायोलिनच्या वाट्याची. त्यावरून गाणं ओळखून दाखवा!

संगीतकाराने पाच रेघांवर लिहिलेल्या नोटेशनमधून प्रत्येक वादकाचा वेगळा कागद काढायचा, हा त्यांचा धंदा. मी टेलिफोन ऑफिसात नोकरीला. रविवारी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकत होते, म्हणजे त्यांचा छळ करत होते. घाईत लिहिणाऱ्या संगीतकारांच्या हातून चुका व्हायच्याच. काका म्हणत, "संगीतकाराची चूक त्याला दाखवायची नाही, गुपचूप दुरुस्त करायची. त्यालाच कॉपिस्ट म्हणतात."

पुढे एकच कीबोर्ड वीस व्हायोलिनांचं काम करू लागला आणि काकांचे कागद कुणाला लागेनासे झाले. काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू; त्यांचे नातेवाईक केव्हाच इस्रायलला गेले होते, मुलगीसुद्धा. 'पप्पा, आता या' अशी तिची पत्रं यायची आणि काका दर वेळी कळवायचे, इथे काम आहे. धडधडीत खोटं. वर्षभर टाक कोरडा होता.

अशात परदेशात शिकून आलेल्या एका तरुण संगीतकाराने बारा वादकांचे कागद काढायला दिले. मुंबईत कार्यक्रम होता. काका आठवडाभर गुणगुणत बसले. मधेच भिंतीपलीकडून त्यांचं पुटपुटणं यायचं, की पोरगा हुशार आहे पण हात फार धांदरट. स्वरांच्या डोक्यावर बाण, मधेच काळे ठोकळे, कुठे तालाच्या उभ्या रेघाच नाहीत. काकांनी सगळं दुरुस्त केलं. बाण पुसले, रेघा घातल्या, ठोकळ्यांच्या जागी गोड स्वर बसवले.

तालमीला वादकांनी वाजवायला घेतलं आणि दुसऱ्याच मिनिटाला संगीतकाराने हात वर केला. तो रागावला नाही, हेच काकांना जास्त लागलं. त्याने चिन्हांचे अर्थ लिहिलेला कागद हातात ठेवला आणि पाच दिवसांत सगळं नव्याने मागितलं.

त्या पाच दिवसांत काका धड जेवले नाहीत. बाण म्हणजे वाद्यातून निघेल तितका उंच स्वर. काळा ठोकळा म्हणजे शेजारशेजारचे सगळे स्वर एकदम. चौकटीतले स्वर वादकाने हव्या त्या क्रमाने वाजवायचे. काका व्हायोलिन घेऊन बाण वाजवून बघायचे, पुन्हा बघायचे, आणि दर वेळी वेगळंच काहीतरी निघायचं. शेजारपाजारचे वैतागले. मी डबा घेऊन गेले तेव्हा ते कागदाकडे नुसते बघत बसले होते. मीही बघून घेतलं आणि म्हटलं, अहो, सोपं तर लिहिलंय सगळं.

"वाचता येतंय गं मला," ते म्हणाले, "ऐकू येत नाही."

डबा ठेवून मी निघून आले, याची अजून लाज वाटते.

नंतरचे दिवस भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही. कागद वेळेवर गेले, मोत्यासारख्या अक्षरात.

कार्यक्रमाला आम्ही दोघं एसटीने गेलो. बारा वादकांनी अर्धा तास ते बाण, ते ठोकळे वाजवले. काका मांडीवर हात ठेवून ताठ बसले होते. टाळ्या झाल्या. संगीतकार स्वतः खाली आला, एकही चूक नाही म्हणाला, आणि पुढचं कामही काकांनाच देऊ केलं. मला तर आनंदाने रडूच फुटलं. काकांनी मान हलवून नकार दिला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

बाहेर आल्यावर मी भांडलेच. एवढं मिळालेलं काम का घालवलंत?

"चूक असती, तरी मला कळली नसती," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला पत्र टाकलं, येतो म्हणून.