खानावळवाली बोटीवर उपाशी
माझ्या सासूबाईंनी उभा जन्म खानावळ चालवली. गिऱ्हाईक टेकलं की आधी ताट वाढायचं, पैशाचं मागाहून बघायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्यांच्या पोटी माझा नवरा कसा निपजला, देव जाणे!

या क्रूझवर पाय ठेवल्यापासून त्याने एकच धोशा लावला होता. "आई, इथे पाण्याची बाटलीसुद्धा उघडू नकोस. सगळं कार्डावर चढतं." सकाळी नाश्त्याला त्या "भूक नाही" म्हणाल्या, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

दुपारी आम्ही दोघं बघतो तर त्या खोलीत नाहीत. शोधत शोधत मोठ्या जेवणघरात पोचलो. त्या एका टेबलाशी वाढलेल्या ताटासमोर बसल्या होत्या आणि शेजारी वेटर उभा होता. नवऱ्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"आई, काय काय मागवलंस?"

"काही नाही रे. वासानं इथवर आले. हा मेला घ्या घ्या म्हणतोय, पण मी कशाला हात लावला नाही."

वेटर काकुळतीला आला होता. "साहेब, इथलं जेवण तिकिटातच आहे. जास्तीचे पैसे फक्त वरच्या हॉटेलात पडतात."

नवऱ्याची मान खाली गेली.

सासूबाईंनी ताट पुढे ओढलं. "माझ्या दारातून खिसा फाटका असलेला माणूसही कधी उपाशी गेला नाही," त्या म्हणाल्या. "आणि तू मला तिकीट काढून उपाशी बसवलंस."